आमवात आणि गारवा : हात गार पाण्यात घालून नेमकं काय मोजायचं?

मासुंदा
ठाण्यातल्या एका रुग्णालयात छोट्या अभ्यासाचा आराखडा तयार होतोय. विषय : ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असलेल्यांच्या हाताला गारवा लागला की शरीर काय करतं. 'थंडीत वाढतं' हे ओपीडीत प्रत्येक दुसरा रुग्ण सांगतो. वाढतं ते नुसतं दुखणं की सांध्यातला दाह, हे वेगळं काढायचं आहे. कच्चा आराखडा असा :

औषधं स्थिर असलेले २० रुग्ण. उजवा हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात ५ मिनिटं, डावा कोरडा, तुलनेसाठी. आधी आणि नंतर थर्मल कॅमेऱ्याने त्वचेचं तापमान, १०० मिमीच्या रेषेवर वेदना, पकडीची ताकद. दुसऱ्या दिवशी ईएसआर आणि सीआरपी (रक्तातला दाह दाखवणाऱ्या दोन चाचण्या), आणि डीएएस२८, म्हणजे २८ सांधे तपासून काढायचा आजाराच्या तीव्रतेचा गुणांक. जागा ओपीडीशेजारची खोली. पंखा आहे, एसी नाही.

एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी इथल्या जाणकारांनी झोडपून काढावा. घरच्यांचे अनुभव कृपया जुन्या धाग्यावर, इथे आराखड्यावरच बोलू.

ऐरोली_नाका
बर्फ कशाला आणताय? ऐरोलीच्या कुठल्याही आयटी पार्कात १८ वर एसी लावून शंभर माणसं नऊ तास बसवलेलीच असतात. मे महिन्यात शाल पांघरून. नमुना फुकट.
(हलके घ्या.)

सांधेजोड
बर्फाचं पाणी आणि ५ मिनिटं, दोन्ही बाद करा.

० ते ४ अंशांच्या पाण्यात हात घातला की ती 'कोल्ड प्रेसर' चाचणी झाली. ती मुळात रक्तदाब चढवून बघण्यासाठीच वापरतात. धडधाकट माणसालाही पहिल्या मिनिटातच हाडापर्यंत कळ जाते आणि वरचा रक्तदाब सहज १०-२० ने चढतो. मग तुमच्या वेदनेच्या रेषेवर बर्फाची कळ उमटेल, सांध्याची नाही.

दुसरं, बर्फाच्या पाण्यात ५ ते १० मिनिटांत बोटं एक खेळ करतात. आकसलेल्या रक्तवाहिन्या अचानक सैल पडतात, बोट गरम होतं, मग परत आकसतात, परत सैल. थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याला 'हंटिंग रिअॅक्शन' नाव दिलं. तुम्ही बरोबर त्याच सुमाराला हात बाहेर काढणार. म्हणजे काही रुग्ण आकसलेले, काही सैल पडलेले, आणि सरासरीला काही अर्थ नाही.

रेनॉडच्या (गारठ्याने बोटं पांढरी-निळी पडण्याचा आजार) तपासणीत रुळलेली सौम्य पद्धत घ्या : पाणी १५ अंश, वेळ १ मिनिट, हातावर पातळ ग्लोव्ह. ग्लोव्ह कातडी कोरडी राहावी म्हणून. ओला हात बाहेर काढला तर पाणी उडून जाताना कातडीला आणखी गार करत राहतं, आणि परत गरम होण्याचा वेग खोटा येतो. टॉवेलने खसाखसा पुसलात तर उलट्या बाजूने खोटा. बाहेर काढल्यावर ग्लोव्ह उतरवायचं आणि १५ मिनिटं, दर ३० सेकंदांना एक फोटो.

मोजपट्टी
डावा हात तुलनेला चालणार नाही. एका हाताला गारवा लागला की दुसऱ्या हाताच्या रक्तवाहिन्याही आकसतात, कारण हुकूम सिंपथेटिक नसांमार्फत वरून येतो. 'कोरडा' हात कोरडा असतो, तटस्थ नसतो.

त्याऐवजी तोच रुग्ण दोनदा बोलवा : एकदा १५ अंशांचं पाणी, एकदा ३३-३४ अंशांचं, जे हाताला ना गरम लागतं ना गार. मध्ये किमान आठवडा, भेटीचा वार आणि वेळ तीच. आधी कुठलं हे चिठ्ठीने ठरवा. चिठ्ठ्या आरपार न दिसणाऱ्या बंद पाकिटांत, क्रमांक घालून, आणि पाकीट फोडणारा वेगळा, सांधे तपासणारा वेगळा. पाणी गार आहे हे रुग्णापासून लपवता येत नाही, पण तपासणाऱ्यापासून येतं.

रुग्णसंख्येचं गणित : दोन भेटींतल्या वेदनेच्या फरकाचं प्रमाण विचलन २० मिमी धरलं आणि १० मिमीचा फरक पकडायचा असेल, तर ७.८४ (नेहमीचा ठरलेला गुणक) × ४०० ÷ १०० = ३१ च्या वर. छोट्या नमुन्याची दुरुस्ती धरून ३४, गळती धरून ४०. वीसमध्ये भागणार नाही. आणि दोन हातांचे आकडे दोन रुग्ण म्हणून मोजू नका, हे पाप अजूनही प्रबंधांत सर्रास दिसतं.

पारसिक_डोंगर
एवढा खटाटोप कशाला? थंडीत सांधे आखडतात हे शेंबडं पोरही सांगेल. कातकरी पाड्यापासून पाम बीच रोडपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर अभ्यास कसला करायचा?

मोजपट्टी
@पारसिक_डोंगर, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोजायला गेल्यावर हाती लागत नाही, हीच तर गोम आहे. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि अमोस ट्वर्स्की यांनी आमवाताच्या १८ रुग्णांचं दुखणं १५ महिने, महिन्यातून दोनदा नोंदवलं आणि स्थानिक हवामानाशी जोडून पाहिलं. रुग्णांची खात्री पक्की होती, आकड्यांत संबंध जवळजवळ शून्य निघाला. त्यांचं म्हणणं असं, की हवा बिघडली आणि दुखलं तो दिवस लक्षात राहतो, हवा बिघडली आणि दुखलं नाही तो विसरला जातो.

पण ते शेवटचं वाक्य नाही. ब्रिटनमध्ये मोबाइलवर रोज नोंदी घेऊन २,६५८ लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. त्यात जास्त आर्द्रता, कमी हवेचा दाब आणि जोराचा वारा यांचा दुखण्याशी संबंध दिसला, छोटा पण खरा. तापमानाचा एकट्याचा ठळक संबंध दिसला नाही. त्यात आमवाताखेरीज दुसरी जुनाट दुखणीही होती, हे लक्षात ठेवायचं.

तलावपाळी_संध्याकाळ
म्हणजे त्यांच्या हिशोबाने ठाण्यात वाईट काळ जानेवारी नव्हे, जुलै! आर्द्रता नव्वदीत, हवेचा दाब वर्षातला सगळ्यात कमी, वर घोडबंदर रोडचा वारा. आणि आपल्या जानेवारीत पारा १६-१७ वर आला तरी बातमी होते.

पारसिक_डोंगर
@मोजपट्टी, १८ माणसांवरून निकाल लावणार? तुम्हीच वर म्हणालात २० मध्ये भागत नाही.

मोजपट्टी
बरोबर पकडलंत. फरक एवढाच की तिथे एकेका माणसाच्या तीसेक नोंदी होत्या, इथे दोन. तरी मान्य : १८ जणांवरून 'कुणालाच होत नाही' असं म्हणता येत नाही. काही थोड्या रुग्णांना खरंच हवामान बाधत असेल आणि बाकीच्यांना नसेल, तर सरासरीत ते थोडे बुडून जातात.

नळीवाला
लॅबच्या बाजूने दोन शब्द. १ मिनिट हात गार केल्याने दुसऱ्या दिवशीच्या सीआरपीत काही हलेल ही आशा सोडा. शिवाय ईएसआर स्वतःच थंडी-उन्हाळ्याला भाव देतो.

वेस्टरग्रेन पद्धतीत रक्त ४ भाग, ३.८ टक्के सोडियम सायट्रेट १ भाग, नळीवर २०० मिमीच्या खुणा, नळी उभी, बरोबर १ तास. खोली तापली की पेशी भराभर खाली बसतात आणि आकडा वाढतो. रक्त फ्रीजमध्ये ठेवून तसंच लावलं की आकडा घटतो, म्हणून आधी खोलीच्या तापमानाला आणायचं, आणि काढल्यापासून ४ तासांच्या आत लावायचं. नळी ३ अंश जरी कलली तरी आकडा चांगलाच फुगतो. पंख्याच्या हवेत हलणाऱ्या टेबलावर स्टँड ठेवलेला किती ठिकाणी दिसतो ते विचारू नका. त्यात आपल्या बायकांत रक्त कमी असणं नेहमीचं, त्यानेही ईएसआर वर जातो. मे मध्ये बिनएसी लॅब आणि जानेवारीत तीच लॅब, अशी तुलना केलीत तर ऋतूचा परिणाम रुग्णावर झाला की नळीवर, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सीआरपीला हा त्रास नाही.

आणखी एक. काही रुग्णांच्या रक्तात गारठ्याने साका धरणारी प्रथिनं असतात, क्रायोग्लोब्युलिन. त्यातल्या दोन प्रकारांत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरचाच (आरए फॅक्टर, आमवातासाठी रक्तात तपासतात तो) गुण असतो, आणि हिपॅटायटिस सी च्या रुग्णांत ती वारंवार सापडतात. असा माणूस 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, सांधे दुखतात, थंडी सोसत नाही' म्हणून तुमच्या यादीत अलगद शिरेल. ती तपासायची तर रक्त ३७ अंशांवर ठेवूनच गोठू द्यावं लागतं. सिरिंज, नळी, सगळं कोमट. एसी कलेक्शन सेंटरमधून डब्यात घालून पाठवलं की प्रथिन वाटेतच गुठळीबरोबर खाली बसतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आरए फॅक्टरवर न विसंबता अँटी-सीसीपी ही रक्तचाचणीही बघा, ती आमवाताला बरीच जास्त नेमकी आहे.

मासुंदा
सगळ्यांचे आभार, आराखड्याची चाळण झाली. डीएएस२८ तरी राहू द्यावा ना? संयुक्त गुणांक आहे, सगळीकडे मान्य आहे.

मोजपट्टी
मान्य आहे, पण या प्रश्नासाठी तोच सगळ्यात घातक. सूत्र बघा : ०.५६ × √(दुखरे सांधे) + ०.२८ × √(सुजलेले सांधे) + ०.७० × ईएसआरचा नैसर्गिक लॉग + ०.०१४ × रुग्णाने स्वतः सांगितलेली तब्येत, ० ते १००.

समजा दुखरा १, सुजलेला १, ईएसआर १५, तब्येत २०. बेरीज ३.०२, म्हणजे आजार कमी. आता गारठ्यात सूज तीच, ईएसआर तोच, फक्त दुखरे सांधे ४ झाले आणि रुग्णाने तब्येत ५० सांगितली. बेरीज ४.००. माणूस 'कमी' मधून 'मध्यम' मध्ये गेला आणि दाह कणभरही वाढलेला नाही. ३.२ ची रेषा नुसत्या वेदनेने ओलांडली. हिवाळ्यात 'आजार उसळला' म्हणून औषध वाढवलेल्यांत असे किती असतील, हा प्रश्न तुमच्या अभ्यासापेक्षा मोठा आहे.

चारही घटक वेगवेगळे लिहा. सुजलेले सांधे आणि सीआरपी एका रकान्यात, दुखरे सांधे आणि रुग्णाचं मत दुसऱ्यात. जमलं तर पॉवर डॉप्लर सोनोग्राफीने सांध्याच्या अस्तरातला रक्तप्रवाह बघा. पण गार केल्यावर लगेच नाही, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे दाह असूनही चित्र शांत दिसेल. हात पूर्ण गरम झाल्यावर.

सांधेजोड
+१. दुखरा सांधा ठरवताना दाब सगळीकडे सारखा हवा : आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. आणि २८ सांध्यांत पावलं आणि घोटे नाहीत. सांगायचं कारण, गारठ्याची तक्रार पुष्कळदा पावलांचीच असते.

पकडीसाठी साधा डायनॅमोमीटर आमवाताच्या दुबळ्या हाताला कडक जातो, कमी ताकदीत काटाच हलत नाही. रक्तदाबाच्या यंत्राचा कफ गुंडाळून पाऱ्याच्या २० मिमीपर्यंत फुगवा आणि रुग्णाला दाबायला सांगा. किती वर गेला ते लिहा, तीनदा घेऊन सरासरी. पण हात गार झाला की दाह असो-नसो, स्नायूंची ताकद घटतेच. म्हणून पकड लगेच आणि १५ मिनिटांनी, अशी दोनदा.

बोटभर_बर्फ
तुम्ही सगळे थंडीला व्हिलन करताय. क्रायोथेरपीचं काय? उणे ११० अंशांच्या खोलीत ३ मिनिटं उभं राहायचं, आमवातावर रामबाण म्हणून जाहिराती येतात. ती सुरूच मुळी आमवातासाठी झाली ना?

सांधेजोड
सुरुवात आमवातापासून झाली हे खरं. १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये तोशिमा यामाउची यांनी. रामबाण हे खोटं. २००६ मध्ये फिनलंडहून छापून आलेल्या चाचणीत ६० रुग्णांना गटांत वाटलं : उणे ११०, उणे ६०, आणि नुसता सांध्यावर बर्फ किंवा गार हवा. वेदना सगळ्या गटांत कमी झाली, उणे ११० मध्ये जास्त. पण आजाराच्या तीव्रतेत गटांमध्ये ठळक फरक नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणारी संस्था) २०१६ मध्ये जाहीरच केलं की अशा खोल्यांना त्यांनी कुठल्याही आजारासाठी मंजुरी दिलेली नाही, आणि नायट्रोजन वापरणाऱ्या यंत्रांत प्राणवायू कमी पडून माणूस बेशुद्ध पडण्याचा धोका आहे. नायट्रोजनला वास नसतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

बोटभर_बर्फ
पण दुखणं कमी होतं ना? मग झालं की.

सांधेजोड
दुखणं कमी होतं म्हणून मेथोट्रेक्सेट, आमवाताचं मुख्य औषध, सोडलं की आतल्या आत सांधा झिजत राहतो आणि कळत नाही. वेदना आणि झीज एका दोरीने बांधलेल्या नाहीत. तेवढा दिलासा घरच्या बर्फातही मिळतो : वितळता बर्फ ओल्या फडक्यात, १० ते १५ मिनिटं. वितळता म्हणजे ० अंश. फ्रीजरमधून काढलेली जेलची पिशवी मात्र उणे १८ वर असते, ती थेट कातडीवर ठेवली की कातडी जळते. बधिरपणा असलेल्या हातावर तर अजिबात नाही.

औषधी_झाडपाला
बर्फाच्या टबवाल्यांचं २०१४ चं संशोधनही पुढे करतात. १२ निरोगी तरुणांना श्वासाचे व्यायाम आणि गारव्याची सवय शिकवली, दुसरे १२ तसेच, मग सगळ्यांना जंतूंचं विष टोचलं. शिकवलेल्यांत अॅड्रेनालिन चढलं, दाह वाढवणारी रसायनं कमी आली. खरं आहे, पण निरोगी माणसांत आणि काही तासांच्या गोष्टीसाठी. आमवात वर्षानुवर्षं चालतो. एवढ्यावरून नेरुळच्या सोसायटीच्या टाकीत बर्फ ओतू नये.

घोडबंदर_घाट
एक प्रश्न. सांधा गार केला तर आतल्या दाहाला चांगलं की वाईट? वर दोन्ही बाजू आल्या.

सांधेजोड
इथे मजा आहे. १९७४ मध्ये हॅरिस आणि मॅक्रॉस्करी यांनी आमवाताच्या सांध्याच्या अस्तरातून कूर्चा खाणारं विकर, कोलॅजिनेज, काढून तपासलं. ३३ अंशांच्या मानाने ३६ अंशांवर त्याने कूर्चेचं कोलॅजन साधारण चौपट खाल्लं. निरोगी गुडघ्याच्या आत ३२-३३ च असतं, सुजलेल्याच्या आत ते ३५-३६ वर जातं. म्हणजे कागदावर गारवा सांध्याचा मित्र. सुजलेला, गरम सांधा शेकू नये हा सल्ला त्यामुळेच तर्काला धरून आहे.

पण कागद वेगळा, माणूस वेगळा. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (आधीच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) गरम किंवा गार पिशव्यांनी सूज, वेदना, पकड, औषधाची गरज यांपैकी कशातही ठळक फरक सापडला नव्हता. हाताला पॅराफिनचं मेण अधिक व्यायाम याने थोड्या काळासाठी फायदा दिसला, नुसत्या मेणाने नाही. व्यायामाचं श्रेय मेण घेऊन जातं, दुसरं काय.

अनामिका_कोपरखैरणे
अवांतर, पण मेणाचं प्रमाण सांगाल का?

सांधेजोड
मेण ७ भाग, लिक्विड पॅराफिन १ भाग. तेल घातल्याने मेण कमी तापमानाला वितळतं. ५० ते ५४ अंश, थर्मामीटर लावूनच, कोपराने अंदाज घेऊन नव्हे. हात बोटं न हलवता बुडवून काढा, थर पांढुरका झाला की परत, असं ८-१० वेळा. मग प्लॅस्टिक, त्यावर टॉवेल, १५ ते २० मिनिटं, आणि मेण सोलल्यावर लगेच बोटांचे व्यायाम. मधेच बोटं वाकवली तर थर तडकतो आणि पुढच्या बुडीत गरम मेण भेगेतून थेट कातडीवर जातं. जखम, बधिरपणा, लालबुंद सांधा असेल तर नको.

सानपाडा_पूर्व
मूळ आराखड्याकडे. चाचण्यांचं समन्वयन करणाऱ्यांना ठाऊक असलेल्या, कागदावर न येणाऱ्या गोष्टी :

'धूम्रपान करता का?' असा प्रश्न फॉर्ममध्ये असला की बायका 'नाही' सांगतात, आणि ते खरंच असतं. मशेरी विचारा. तंबाखू, मशेरी, गुटखा, पानातली सुपारी, प्रत्येक वेगळं नाव घेऊन. निकोटीनने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. चाचणीआधी ४ तास यातलं काही नाही, चहाही नाही. सकाळी ९ ला बोलावून चहा नको म्हटलं की निम्मे येणारच नाहीत, म्हणून वेळ ११ ची ठेवा आणि नंतर चहा-बिस्किटांचा खर्च बजेटमध्ये घाला. ११ चा दुसरा फायदा, सकाळचा आखडलेपणा बहुतेकांचा तोवर ओसरलेला असतो आणि पहाटे चढणारं आयएल-६, दाह वाढवणारं रसायन, उतरलेलं असतं.

बांगड्या. हिरवा चुडा कुणी उतरवणार नाही, आग्रहही करू नका. वर सरकवून पट्टीने बांधा, पाण्याची पातळी मनगटाच्या रेषेवर ठेवा. सुजलेल्या पेरातून अंगठी निघत नसेल तर ओढाताण करू नका, त्या बोटाचं माप गाळा आणि का गाळलं ते लिहा. हाताला खोबरेल किंवा बाम लावलेला नसावा.

औषधांची यादी प्रिस्क्रिप्शनवरून, तोंडी नाही. बीटा ब्लॉकरने बोटं गार पडतात, अॅम्लोडिपिनने उबदार राहतात. मेथोट्रेक्सेट चाचणीसाठी थांबवू नका. मात्र भेटीत गोळ्यांचं पाकीट बघाच : ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि रोज घेतलं तर जिवावर बेततं. संमतिपत्र मराठीत लिहून दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्या, कमिटी मागेलच. सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याच्या आधी, नंतर नाही.

पारसिक_डोंगर
मशेरीचा मुद्दा लाखमोलाचा. माघार घेत नाही, पण आता अभ्यास व्हावा असं वाटतंय.

नळीवाला
रुग्ण कुठून आणणार? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून झालेल्या कॉपकॉर्ड, म्हणजे सांधेदुखीच्या आजारांच्या, पाहणीत आमवाताचं प्रमाण साधारण ०.५ टक्के निघालं होतं. म्हणजे हजार प्रौढांमागे पाच. सोसायटीत शिबिर भरवून ४० मिळणार नाहीत, गुडघेदुखीवाले मात्र रांग लावतील. ओपीडीच्या नोंदवहीतूनच घ्या.

घोडबंदर_घाट
बिनएसी खोलीत थर्मल कॅमेरा चालेल?

तापमापक
नाही. खोली २३ अंश, वर-खाली १, आणि रुग्ण आत येऊन २० मिनिटं बसलेला हवा. स्टेशनवरून चालत आलेल्या माणसाचा हात घामेजलेला असतो, घाम उडताना बोटं गार पडतात आणि कॅमेऱ्याला ती रेनॉडची वाटतात. एसीचा झोत आणि पंखा हातावर नको, मधे पडदा लावा. घरगुती एसी २०२० पासून सुरू करताच २४ वर येतात, तिथून एक अंश खाली आणून खोलीत वेगळा थर्मामीटर टांगा. एसीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो एसीपाशी येणाऱ्या हवेचा असतो.

स्वस्त थर्मल कॅमेऱ्यांची चूक २ अंशांपर्यंत असते, आणि तुम्ही शोधताय तो फरक कदाचित अर्ध्या अंशाचा. उपाय : पत्र्याच्या डब्याला बाहेरून मॅट काळा रंग द्या, त्यात ३० अंशांचं पाणी, आत चांगला डिजिटल थर्मामीटर. प्रत्येक फोटोत हाताशेजारी तो डबा हवा. डबा ३१.२ दाखवत असेल तर त्या फोटोतून १.२ वजा. कॅमेऱ्यातली इमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णता किती फेकतो तो आकडा) ०.९८ लावा, कॅमेरा चालू करून १५ मिनिटं तापू द्या, हाताला काटकोनात, आणि हात जाळीवर ठेवा. टेबलावर टेकवला की टेबल तापतं आणि कडांना ते हातासारखंच दिसतं.

औषधी_झाडपाला
अवांतर. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबणं, आमवातात बरंच दिसतं. एनसीव्ही (नसेचा वेग मोजणारी चाचणी) करायला पाठवाल तर हात ३२ अंशांच्या वर आहे ना बघायला सांगा. हात गार असला की नसेतल्या संदेशाचा वेग अंशामागे दीड-दोन मीटर प्रतिसेकंद घटतो. २७ अंशांच्या गारेगार हाताची नस कागदावर दबलेली दिसते आणि ऑपरेशनची चर्चा सुरू होते.

मासुंदा
बदल केले : १५ अंश आणि ३३ अंश, १ मिनिट, ग्लोव्ह, ४० रुग्ण, दोन भेटी, डीएएस२८ चे घटक सुटे, ईएसआर काढून टाकला. एसी खोली मिळतेय. वगळायचे : बोटांवर व्रण, व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह), हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गर्भवती, गारठ्याने गांधी उठणारे. राहिला प्रश्न पाण्याचा. नळाचं पाणी २८ च्या आसपास असतं. १५ ला आणायला बर्फ किती?

तापमापक
८ लिटर पाणी २८ वरून १५ वर आणायचं म्हणजे ८ × ४.१८ × १३ = ४३५ किलोजूल काढायचे. १ किलो बर्फ वितळून १५ ला येताना ३९७ खातो. म्हणजे १.१ किलो. बादली आणि हवा गरम असते म्हणून सव्वा किलो ठेवा, थोडा थोडा टाका, १५ ला आलं की उरलेले तुकडे काढून टाका. तुकडा बोटाला लागला की तिथे ० अंश.

बर्फ वितळून झालेलं ९ लिटर पाणी गरजेपेक्षा जास्त वाटेल, पण हात साधारण ७ किलोजूल सोडतो. एवढ्या पाण्यात त्याने ०.२ अंशही वाढत नाही. ३ लिटरच्या टपात अर्ध्या अंशाहून जास्त वाढेल. आणि पाणी हलतं हवं. स्थिर पाण्यात हाताभोवती कोमट पाण्याचा थर बसतो आणि तुमचे १५ अंश कातडीपर्यंत पोचतच नाहीत. माशांच्या टाकीतला छोटा पंप टाका.

सानपाडा_पूर्व
गांधी उठणारे कसे ओळखणार? विचारून कळत नाही. पिशवीत बर्फाचा खडा घालून ५ मिनिटं हातावर ठेवा, काढून १० मिनिटं थांबा. तिथे गांध उठली की तो माणूस बाद, आणि त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे. हे पहिल्या भेटीआधी, वेगळ्या दिवशी. आणि सांध्यांबरोबर बोटं पांढरी-निळी पडण्याचा इतिहास ठळक असेल तर नुसतं वगळून सोडू नका, एएनए ही रक्तचाचणी करायला पाठवा. तो आमवात नसून स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा आजार) निघू शकतो.

वायरमन_वागळे
सगळा धागा वाचला, सांध्यातलं काही कळत नाही. पण माशांच्या टाकीतला पंप २३० व्होल्टचा असतो आणि तुम्ही त्याच बादलीत पेशंटचा ओला हात घालताय! ग्लोव्हला टाचणीएवढं भोक पुरतं. ५ व्होल्टचा यूएसबी पंप घ्या, पॉवर बँकेवर चालवा, चार्जर भिंतीत नको. एसी खोलीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा, आणि तिचं टेस्टचं बटण दाबून ती खरंच पडते का तेही. पुष्कळ ठिकाणी नुसती शोभेला असते.

मासुंदा
हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. यूएसबी पंप आजच मागवते. आरसीसीबीचं विद्युत विभागाला विचारलं, 'आहे' म्हणाले. दाबून बघितलं का विचारलं तर फोन ठेवला.

वायरमन_वागळे
मग नाहीये. पॉवर बँकच बरी.